कोर्टाची मेंढी

हौसामावशी तारखेला यायची ती मेंढी घेऊन. जुन्नरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली काळीला बांधायची, तिच्यापुढे डहाळी टाकायची आणि पुकारा होईपर्यंत पाय पसरून बसायची. पहिल्याच भेटीत त्या मेंढीनं माझ्या नव्या वकिली कोटाची बाही चघळली. मी ओरडलो, तर मावशी म्हणाली, "रागावू नगा भाऊ. काळा कोट बगून तुमाला कळपातलंच समजली ती." मेंढीचा अंदाज फारसा चुकला नव्हता, हे पुढे सिद्ध झालं.

मावशी आण्याच्या पठारावरची, मेंढपाळाच्या घरातली. चोरांनी पिकअपमध्ये घालून नेलेल्या तिच्या मेंढरांपैकी जिवंत सापडली ती एकटी काळी, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. पोलिसांनी ती मुद्देमाल म्हणून जप्त केली. म्हणजे आपलीच मेंढी घरी न्यायला मावशीनं कोर्टाला बंधपत्र द्यायचं! ते लिहायला मी बसलो. माझ्याकडे तयार नमुना होता तो ट्रॅक्टरचा. मी 'ट्रॅक्टर' खोडून 'मेंढी' केलं. इंजिनाचा उल्लेख काढला, एवढं भान होतं. बाकी मजकूर रुबाबात तसाच ठेवला: रंग बदलणार नाही, मूळ स्वरूपात फेरफार करणार नाही, परवानगीशिवाय तालुक्याबाहेर नेणार नाही, दर तारखेला कोर्टापुढे हजर करीन. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, कोर्टानं मंजुरी दिली. नीट ऐकून घेतलं ते एकट्या मावशीनं.

"लोकर कातरली तर फेरफार व्हतो का?"

"नाही हो."

"आन् दिवाळी झाली की आमी माळशेज उतरून कोकणात जातो. त्याचं काय?"

"एक अर्ज टाकू," मी म्हणालो. "आठवड्याचं काम."

त्या अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं येईना. ते आलं तेव्हा साहेबांची बदली झाली. मधल्या काळात देशाचा फौजदारी कायदाच नवा आला, कलमांचे आकडे बदलले, अर्ज जागचा हलला नाही. फोटो आणि पंचनामा करून जनावर मोकळं करता येतं, हे कायद्याला ठाऊक होतं. करायचं कोणी? आणि जामिनावरच्या एका आरोपीला मेव्हण्याच्या लग्नासाठी गोव्याला जायची परवानगी मात्र एका दुपारीत मिळाली.

"चोरी माझ्या घरात, आन् जामीन बी मीच?" मावशी शिपायाला, चहावाल्याला, एकदा तर खुद्द आरोपीलाच विचारत होती. "त्यो गोव्याला, आन् माझी मेंढी तालुक्यात. राव, चोर नेमका कोन?" आरोपी हसला. मला हसता आलं नाही.

दरवर्षी ती कळपाबरोबर तालुक्याच्या टोकाच्या मढ गावापर्यंत चालत जायची. तिथून पोरं मेंढरं घेऊन घाटाकडे निघायची आणि ही काळीला घेऊन माघारी. एकदा मी तिथे होतो. कळप दिसेनासा झाला तरी काळी ओरडत राहिली. मावशी म्हणाली, "हिला काय सांगू, भाऊ? तुमचं नाव सांगू?"

एका उन्हाळ्यात काळी म्हातारपणानं मेली. मावशीनं पोलिसांना रीतसर कळवलं. ज्यांना समन्स द्यायला पंचांची घरं सापडत नव्हती, त्यांनाच माळावरचं मावशीचं पाल बरोब्बर सापडलं. नोटीस होती: मुद्देमाल हजर का केला नाही, खुलासा करा. त्या दिवशी मी कोर्टात आवाज चढवला. "मुद्देमाल श्वास घेत होता, साहेब! तो तुमच्या तारखांसाठी किती दिवस थांबणार?" साहेबांनी मला समज दिली.

शेवटी पंच फितूर झाले, आरोपी सुटले. बाहेर त्यांनी पेढे वाटले आणि सवयीनं माझाही हात पुढे गेला. मावशी बघत होती. पेढा मुठीत दाबून मी तिला निकालाची शेवटची ओळ वाचून दाखवली: मुद्देमाल मेंढी फिर्यादीच्या ताब्यात कायम, बंधपत्र रद्द.

"म्हंजी?"

"म्हणजे काळी आता तुमची. कुठेही न्या. कोकणातसुद्धा."

काळीचं दावं अजून तिच्या कमरेला खोचलेलं होतं. तिनं ते काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मग आना की," ती म्हणाली.