समुद्रासाठी वर्गणी

आमच्या हेंद्रेपाड्यात एक जण समुद्र वाचवायची वर्गणी मागत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचा. कंपनीत ऑफिसर, पण सुट्टीच्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि चष्मा नाडीने मानेला बांधलेला.

मी विचारलं, "बदलापुरात कुठाय रे समुद्र?"

"काय आहे ना मावशी, तुमची पिशवी जाते तिथे."

दर रविवारी मी आठवड्याचं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उल्हास नदीत सोडायचे. देवाची फुलं कचऱ्यात कशी टाकणार? पुढच्या रविवारी मी पिशवी सोडली, तर हा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि ती परत आणून माझ्या हातात दिली. "काय आहे ना मावशी, तुमची राहिली." नंतरच्या रविवारी मी मुद्दाम वरच्या अंगाला गेले, तर हा खालच्या अंगाला उभाच.

वर्गणी मी शेवटपर्यंत दिली नाही.

मग एका रविवारी कळलं की तो तापाने झोपलाय. मी खुशीत नदीवर गेले. काठावर चिटपाखरू नव्हतं. पिशवी धरून थोडा वेळ उभी राहिले, मग घरी येऊन फुलं चाफ्याच्या मुळाशी पुरली. कळलं असतं तर मेला तापातसुद्धा पाण्यात उतरला असता.