लास्त्रीची बांधी

प्रवीणचा फोन आला तेव्हा मी शाळेत स्टाफरूममध्ये नववीचे पेपर तपासत होते. माझा हा धाकटा भाऊ एरवी फोनवर आधी 'ताई, कामात आहेस का?' असं विचारतो. त्या दिवशी विचारलं नाही. "ताई, लास्त्री गेली," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोला मी आदल्या रविवारीच इस्पितळात भेटले होते. कॅन्सर कळला तोच उशिरा. त्या रविवारी जरा तरतरीत वाटली. कात्रजहून मी तांदळाची पेज करून नेली होती. दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "ताई, मीठ आपण घरीच ठेवलंत." आम्ही दोघी हसलो. पुण्यात राहून तिनं आणखी काय उचललं ते माहीत नाही, पण हे बोलणं पक्कं उचललं होतं.

सुलास्त्री तिचं पूर्ण नाव. इंडोनेशियातल्या जावा बेटावर, डोंगराच्या उतारावर तिचं खेडं. तिथली काही घरं बौद्ध, त्यांतलंच एक तिचं. पाली शिकायला म्हणून पुण्याला आली आणि सदाशिव पेठेत एका बाईंकडे खोली घेऊन राहिली. तिला 'ळ' म्हणता येईना. त्या बाई तिला म्हणाल्या होत्या, "पाली नंतर शिका, आधी ळ शिका. इथे त्याच्यावाचून भाजीसुद्धा मिळायची नाही." संध्याकाळच्या पालीच्या वर्गात प्रवीण तिला भेटला. त्यानं घरी सांगितलं तेव्हा नातेवाइकांत चर्चा झाली, कुठला देश, कसली माणसं, उद्या निघून गेली तर... बाबांनी मात्र एकच विचारलं, "तिच्या गावात पिकते काय?" प्रवीण म्हणाला, भात. "मग झालं," बाबा म्हणाले. आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडे, तेही भाताचं. तिकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात. पण आमच्या मालकीची बांधी कधीच नव्हती. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या चिखलात रोवणी केली, बाबांनीही लहानपणी केली, मग बाबा कारखान्यात नोकरीला लागले आणि आम्ही पुण्याचे झालो. लग्न विहारात लागलं. लास्त्री बाबा आणि प्रवीण राहायचे त्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि सोसायटीच्या वॉचमननं ती हयात असेपर्यंत तिला 'शास्त्रीबाई' म्हटलं. तिनं कधी सुधारलं नाही. म्हणायची, "राहू दे ना ताई, मान वाढतो."

गावाबद्दल ती भाजी निवडता निवडता बोलायची. भाताच्या शेताला त्यांच्याकडे सावाह म्हणतात. प्रत्येक घराच्या मागे परसात नारळ, फणस, केळी, मिरच्या, एखादं माशांचं डबकं. भात सरला तर परस जगवतं, असं तिची आई म्हणायची. आणि ज्यांना स्वतःची सावाह नाही, त्यांनाही कापणीला शेजाऱ्याच्या शेतात उतरता यायचं. जो कापेल त्याला कापलेल्यातला वाटा. बोलावणं लागत नसे. बाबा हे सगळं हॉलमधून ऐकत असत, पेपर समोर धरून, पान न उलटता.

तिचे वडील वारले तेव्हा वाटणीसाठी भावानं बोलावलं. प्रवीणला सुट्टी मिळेना. ती बाबांना म्हणाली, "बाबा, आपण चला माझ्याबरोबर." बाबा तोवर कधी विमानात बसले नव्हते. मीही गेले. तिच्या माहेरच्या घरी चटईवर चौघं भावंडं बसली, दोन भाऊ, दोन बहिणी. मोठा भाऊ सुपार्नो शांत आवाजात एकेका तुकड्याचं नाव घेत होता, कारण तिथे शेताच्या तुकड्यालाही नाव असतं. लास्त्री आमच्यासाठी मराठीत सांगत होती. चौघांना सारखं. घर तेवढं धाकट्या वार्नीला, कारण म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत तिनं सांभाळलं.

बाबा माझ्याकडे झुकून म्हणाले, "पोरीले बी सारखाच?" इतकी वर्षं पुण्यात राहूनही मनात काही हललं की त्यांच्या तोंडी भंडाऱ्याची बोली येते.

लास्त्रीनं ऐकलं. "हो बाबा, सारखाच. पण सारखा म्हणजे किती, ते उद्या बघा. आपल्या पार्किंगएवढा."

दुसऱ्या दिवशी बघितला. पाटाच्या कडेचा खालचा तुकडा, खरोखर पार्किंगएवढाच. लावणी चालू होती. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. बाबा बांधावर बराच वेळ उभे राहिले, मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या आणि उतरले. मी ओरडणार होते, या वयात पाय घसरला तर काय... लास्त्रीनं माझा हात धरला. बाबांनी रोपांची जुडी उचलली आणि लावत मागे मागे सरकू लागले. बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी ओळीत त्यांना जागा करून दिली. बाहेर आल्यावर बाबा पाटाच्या पाण्यात पाय धूत म्हणाले, "माझ्या बापानं किती बांध्या रोवल्या असतील. एकही त्याची नव्हती." लास्त्री त्यांच्याशेजारी बसली होती. "बाबा, ही तुमच्या सुनेची आहे. म्हणजे आपलीच की." बाबांनी मान हलवली, आणि बराच वेळ पायच धूत राहिले...

तो तुकडा वार्नी कसायची. निम्मं पीक जमीनवालीचं, निम्मं कसणारीचं, असा रिवाज. आपल्या निम्म्यातलं लास्त्रीनं काही मागितलं नाही, फक्त एक अट घातली. गावात आता उभं पीक व्यापाऱ्याला विकायची पद्धत पडत चालली होती. व्यापारी स्वतःची टोळी आणतो, तीच कापते, शेजारणींना उतरता येत नाही. सुपार्नोला चारही तुकडे एकदम व्यापाऱ्याला द्यायचे होते. लास्त्री म्हणाली, माझा द्यायचा नाही, ज्यांना सावाह नाही त्यांना कापू दे. वाघोलीच्या स्वयंपाकघरात उभं राहून ती फोनवर भावाशी भांडत होती. आम्हाला शब्द कळत नव्हते, भांडण कळत होतं. फोन ठेवून ती ओट्याला टेकून रडली. म्हणाली, "दादा म्हणतो, तू लांब बसून उदार होतेस, कापणाऱ्यांना वाटलं की खड्डा आमच्या ताटात पडतो. ताई, खोटं नाही बोलत तो." पण अट तिनं मागे घेतली नाही, आणि सुपार्नोनं ती मोडली नाही. दर कापणीला वार्नी व्हिडिओ पाठवायची, त्या एवढ्याशा तुकड्यात दाटीनं वाकलेल्या बायकांचा.

या तुकड्यासाठीच ती अखेरपर्यंत भारताची नागरिक झाली नाही. तिकडचं नागरिकत्व सोडलं की सावाह सोडावी लागते, परक्याच्या नावावर ती राहत नाही. म्हणून इतकी वर्षं दरवेळी परदेशी नागरिकांच्या रांगेत उभी राहायची, स्वतःच्या शहरात पाहुण्यासारखी. प्रवीण एकदा वैतागून म्हणाला होता, "पार्किंगएवढ्या जागेसाठी?" ती शांतपणे म्हणाली, "पुण्यात पार्किंगसाठी माणसं खून करतील."

आजार वाढला तेव्हा तिनं स्वतःच सगळं आवरायला घेतलं. मुलगी मैत्री भारतीय, प्रवीण भारतीय, जमीन त्यांच्याकडे यायची नव्हती. तिनं ती वार्नीच्या नावे केली. मैत्री कॉलेजात जाणारी, सगळं कळणारी. पलंगाच्या कडेवर बसून तिनं आईला विचारलं, "मग माझं तिथे काहीच नाही?" मी खिडकीजवळ उभी होते. वाटलं, आता ही काय सांगणार पोरीला... लास्त्रीनं उशीला टेकून श्वास गोळा केला. मग म्हणाली, "कापणीला जा. विळा घे आणि उतर. कापणाऱ्याला वाटा मिळतो. तिथे पासपोर्ट विचारत नाहीत, बाळ." तो 'ळ' इतका स्वच्छ आला, की मला खोलीबाहेर जावं लागलं.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. अस्थींचा एक भाग प्रवीणनं विहाराच्या आवारातल्या झाडाखाली ठेवला, उरलेल्या अस्थी मैत्री जावाला घेऊन जाणार आहे, पुढच्या कापणीला. सुपार्नोचा फोन आला होता. प्रवीणला त्याची भाषा जेमतेम येते. दोघं बराच वेळ आपापल्या भाषेत रडले.

मी आता रविवारी वाघोलीला जाते. बाबांना टेबलावर जेवायला आवडत नाही, ते हॉलमध्ये सतरंजीवर बसतात. दुपारचं जेवण लास्त्री त्यांच्याबरोबर घ्यायची, तीही खाली, हातानं भात कालवत. मी ताट आणलं की बाबा भिंतीशी जरा डावीकडे सरकून बसतात. उजवीकडे एका माणसापुरती जागा मोकळी राहते. परवा मी तिथे बसायला गेले, तर म्हणाले, "तू इकडून बस ना, या बाजूनं." मी ताट उचललं आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. बाबा भात कालवू लागले.