बाबाच्या गालावरचा हात

माउसचा बाण फोटोतल्या चेहऱ्यावर गेला, की त्याचा इवलासा हात होतो. माझ्या धाकट्या भावानं, सुहासनं, ही सीडी केली होती. घरच्यांचा एक फोटो. ज्याच्या चेहऱ्यावर क्लिक करावं, त्याचा आवाज ऐकू यायचा. तो गेल्यावर काल पहिल्यांदाच ती लावली. त्याच्या मुलीनं बाबाच्या गालावर क्लिक केलं. ‘फाइल सापडत नाही.’

“काका, आवाज सीडीवर घ्यायचेच राहिलेत. इथे नुसत्या लिंका आहेत, मूळ फाइली कॉम्प्युटरवरच. बाबाचा कॉम्प्युटर कुठंय?”

सीडी आहे ना, म्हणून तो मीच भंगारात दिला होता. रस्ता शाबूत असला म्हणून गावात माणसं असतातच असं नाही.

ती अजून बाण बाबाच्या गालावर नेते. त्याचा हात होतो. क्लिक मात्र ती करत नाही.