पोटातलं पाणी न हलवणारी जीप

मागच्या पोस्टखाली दोघा-तिघांनी विचारलंय, "काका, गाडी उंच करून घ्यायची तर पिकअप बरी की एसयूव्ही?" याचं उत्तर मला एकोणऐंशीच्या श्रावणात मिळालं, भंडारा ते खैरटोला या पस्तीस किलोमीटरच्या प्रवासात. पस्तीस किलोमीटरला प्रवास म्हणणं विनोदी वाटत असेल, तर तुम्ही तो रस्ता पाहिलेला नाही.

एसयूव्ही हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. माझ्याकडे होती बंद बॉडीची जीप, लग्नाच्या मंडळींना भाड्याने नेणारी. माझा साळा प्रभाकर याच्याकडे पिकअप, धानाची पोती वाहणारी. आम्ही दोघंही आपापल्या गाडीबद्दल बायकोपेक्षा जास्त बोलायचो, असं त्याची बहीण म्हणजे माझीच बायको म्हणायची.

एके दिवशी खैरटोल्याचे रामाजीभाऊ दारात आले. तिथल्या ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, ते पुढारी. आदल्या उन्हाळ्यात त्यांचा तलाव तळाच्या चिखलापर्यंत आटला होता आणि औषधालाही मासा उरला नव्हता. आता तलाव काठोकाठ भरला होता, पण रिकामा. कलकत्त्याहून रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, रेल्वेने वरठीला येणार होतं, बारा हंड्या. एका गाडीवर भरवसा ठेवायला ते तयार नव्हते, म्हणून दोन गाड्या हव्या होत्या.

"हे बीज मेलं तं साल गेलं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा कोणी पाठवत नाही."

अडचण मोहाडीच्या पुढची. डांबर संपलं की बैलगाड्यांनी पाडलेल्या गुडघाभर खोल चाकोऱ्या आणि मधे उंच वरंबा. गाड्या उचलून घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आम्ही दोघं हमीदचाचांच्या गॅरेजात गेलो आणि मी सांगितलं, दोन्ही सारख्याच उचला.

"सारख्या कशा उचलू?" चाचा म्हणाले. "हे पोती वाहते, ते माणसं वाहते. पोत्याले पाठदुखी नाही रायत."

पिकअपला त्यांनी मागे स्प्रिंगचा एक जाड पाटा वाढवला आणि पाटा आणि अॅक्सल यांच्या मधे लोखंडी गुटका, म्हणजे ठोकळा, ठोकला. रिकामी असली की ती ढुंगण वर करून उभी राहायची. पोती भरली की सरळ. जीपचा सगळा मामला निराळा. चारही बाजूंचे पाटे काढून, भट्टीत तापवून त्यांना नवी कमान दिली, पाटे ज्यांना टांगलेले असतात ते शॅकल लांब केले. मी म्हटलं, पुढेही गुटका टाका, स्वस्तात होईल. "समोर गुटका टाकला अन् ब्रेक मारला का पाटा मुरगळते," चाचा म्हणाले. "मंग तुमच्या बाईले मी काय सांगू?" शेवटी चावी देताना त्यांनी बजावलं, "ध्यानात ठेवा, बॉडी वर गेली, पण मागच्या अॅक्सलच्या मधातला गिअरचा गोळा जिथं होता तिथंच हाय." गाडी परत मिळाल्याच्या आनंदात माणूस कशालाही मान हलवतो, तशी मी हलवली.

जीप मात्र अशी झाली होती की खड्ड्यातून नेली तरी पोटातलं पाणी हलू नये. हे वाक्य मी पुढचे चार दिवस भेटेल त्याला ऐकवलं. प्रभाकरच्या पिकअपमधून उतरल्यावर दाढा मोजून घ्याव्या लागत.

ठरल्या सकाळी वरठीला पोचलो. रेल्वेतून हंड्या उतरल्या, आणि त्यांच्यासोबत एक बंगाली माणूस, डोळे तांबारलेले. रात्रभर तो हंड्यांतलं पाणी तळहाताने थापटत आला होता. जाताना म्हणाला, "पानी को सोने मत देना, दादा." रात्रभर जागलेला माणूस झोपेबद्दलच बोलणार, असं मला वाटलं.

सहा हंड्या पिकअपमध्ये, सहा जीपमध्ये. मी रामाजीभाऊंना म्हटलं, सगळ्या माझ्याकडे द्या, पोटातलं पाणी हलणार नाही. दोर बांधता बांधता त्यांनी नुसती मान हलवली, पण वाटणी बदलली नाही. ते प्रभाकरकडे बसले आणि त्यांची बायको जनाबाई माझ्या जीपमध्ये, मागे हंड्यांजवळ.

मोहाडीला बाजाराचा दिवस होता. तिथे लाखोरीच्या डाळीचे वडे मिळतात, ते खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्ही आठ खाल्ले. प्रभाकरने पिकअपमध्येच खाल्ले आणि तो आदळत-आपटत पुढे निघून गेला. मी मागून थाटात निघालो.

डांबर सुटून दोनेक किलोमीटर झाले असतील. मागून जनाबाई म्हणाल्या, "भाऊ, गाडी लय मऊ चालून राहिली."

"चालणारच," मी म्हटलं.

"मनूनच तं पाणी निजलं. पिल्लं तोंड वर काढून राहिले."

मी ब्रेक दाबला. सहाही हंड्यांत नखाएवढी पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात येऊन आ वासत होती. जनाबाईंनी समजावलं, पाणी हललं की त्यात हवा जाते, निजलं की पिल्लांचा जीव कोंडतो. मोटारीत ते आपोआप हलेल असं नवराबायको दोघांनी धरलं होतं. पिकअपमध्ये हलतच असणार. आमच्याकडे सहा हंड्या आणि जनाबाईंचे दोन हात.

मग मी ते केलं जे जीपवाल्याने कधी करू नये. खड्डे शोधून शोधून त्यात गाडी घातली. पण चाचांनी काम चोख केलेलं. जीप खड्डे गिळून ढेकरही देईना. इतका वेळ एका बाजूची चाकं वरंब्यावर ठेवत आलो होतो; शेवटी चिडून चारही सरळ चाकोरीत घातली आणि अॅक्सिलरेटर दाबला. खालून धाड आवाज आला. गोळा वरंब्यावर बसला आणि मागची चाकं चिखलात नुसती फिरू लागली. चाचांच्या वाक्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

जनाबाई थापटत होत्या. मी बाहेरून जीप धरून हलवू लागलो. बाजूच्या बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणारे दोघे वर आले. एकाने विचारलं, "काहून हलवून राहिले?"

"आत मासे आहेत. हलवलं नाही तर मरतील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेड्यांशी वाद घालू नये हे त्यांना ठाऊक असावं. दोघे मुकाट मागच्या बंपरवर चढले आणि उड्या मारू लागले. ते लांब शॅकल, ती नवी कमान, सगळं तेव्हा सार्थकी लागलं. जीप पाळण्यासारखी झुलली. अर्धा-पाऊण तास आम्ही तिघं घामाने निथळत ती झुलवत होतो. आत जनाबाईंचं थापटणं थांबलं नव्हतं.

आमची वाट पाहून पिकअप परत आली. तिच्या सहाही हंड्या तलावावर सुखरूप पोचल्या होत्या. जीपला ओढून काढायला दोर बांधताना प्रभाकर म्हणाला, "जवाईबापू, पोटातलं पाणी हललं का?" मी वाकून गोळ्याखालची माती उकरू लागलो. खरं सांगायचं तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टोल्यावरची अख्खी वस्ती जमली होती. हंड्या आधी पाण्यात तरंगत ठेवल्या आणि मग हळूच कलत्या केल्या. माझ्या चार हंड्यांतली पिल्लं निसटून गेली. दोन हंड्यांत पांढरी पोटं वर. जनाबाईंनी त्या दोन्ही ओंजळीने ओंजळीने पाळीच्या मागे रिकाम्या केल्या.

मी रामाजीभाऊंना सांगितलं, "चूक माझी. मला वाटलं, हलू नये तेच चांगलं."

"तुमाले ठाऊक नोहतं," ते म्हणाले. "मले ठाऊक होतं, तरी तुमी मनलं तवा मी मान हलवली." मग त्यांनी आम्हाला चिनोर तांदळाच्या भातावर जेवायला बसवलं. मी दोन घासांत हात आवरला, तर जनाबाईंनी वरून आणखी वाढला.

तर उत्तर असं. पिकअप मागून उचला, ओझ्याचा हिशेब करून. माणसांची गाडी चारही बाजूंनी, मऊ. आणि गोळा वर न्यायचा असेल तर मोठी चाकं घाला, पाट्यांनी तो वर जात नाही. पण आधी विचारा, गाडीत बसणार कोण.

फाल्गुनात रामाजीभाऊ सायकलने भंडाऱ्याला आले. पळसाच्या पानांत गुंडाळलेली किलोभराची रोहू बायकोच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जनी मनते, हे तुमच्या जीपीतली हाय." एवढ्या मोठ्या तलावात ते कसं ओळखलं, असं बायको विचारणार होती. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं, आणि रामाजीभाऊंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.