हशासाठी थांबलो, तेव्हा

नाटकवाल्या मित्रहो, आज पुणतांब्याच्या घाटावर मी जेवढा घाबरलो, तेवढा संस्कृतच्या तोंडी परीक्षेतही घाबरलो नव्हतो.

तुम्ही मला स्टँडअपवाला म्हणून ओळखता. आज चित्रपटातला माझा पहिला गंभीर प्रसंग होता. मुलगा नदीत बुडालाय आणि बाप ते गावाला सांगतो. गर्दीत गावातलीच माणसं. मला पाहून एक आजी म्हणाल्या, "ह्यो तर मोबाईलमधला हसवनारा हाय." सगळे खुदखुदले. करुणरस तिथेच आटला.

कॅमेरा सुरू झाला. "माझा पोरगा गेला," एवढं म्हणालो आणि स्टेजच्या सवयीनं हशासाठी थांबलो.

कुणीच हसलं नाही. आमच्या धंद्यात असली शांतता म्हणजे मरण. पुढचं वाक्य आठवेना. आता घरी पाठवणार, याची खात्रीच झाली.

"कट" झाल्यावर आजी जवळ आल्या. "घरी पोरगं बरं हाय ना वो तुमचं?"

दिग्दर्शक बाई खूश. "सर, उद्या हेच जवळून घेऊ. अगदी असेच थांबा."

त्यांना कसं सांगू, तो अभिनय नव्हता. उद्या भीती आलीच नाही, तर काय करायचं? तुम्ही ती कुठून आणता?