डाव्या हाताची गुंडाळी

साताऱ्याहून निघताना शेजारचे निवृत्त अभियंते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "एका भंगारासाठी धुळ्यापर्यंत? फोटो पाहिला मी. आत काही उरलेलं नाही त्यात." मी म्हटलं, "भंगार आहे की नाही, ते उघडून मी ठरवीन." तीस वर्षं टेलिफोन केंद्रात यंत्रं दुरुस्त करताना हे वाक्य मी किती पुरुषांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही. निवृत्तीनंतर मी वाल्व्हचे, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेले, जुने रेडिओ दुरुस्त करते. साक्रीला नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने एक फोटो पाठवला होता. पिंपळनेरच्या एका बाईंकडचा लाकडी रेडिओग्राम, म्हणजे खाली रेडिओ आणि वरच्या झाकणाखाली रेकॉर्ड वाजवायची थाळी. फोटोखाली तिने लिहिलं होतं, "बाई ऐकत नाहीत. घरचे टाकून देतील. लवकर ये."

धुळ्याच्या बसस्थानकावर सकाळी सातला उतरले तेव्हा माझ्या तोंडातून वाफ निघत होती. खानदेशाच्या उन्हाचीच गोष्ट सगळे सांगतात, पौषातल्या या गारठ्याबद्दल कोणी बोलत नाही. गाड्यावर चहा घेतला. पिंपळनेरची गाडी कुठे लागते विचारलं, तर चहावाल्याने हात न थांबवता सांगितलं, "लागी तव्हय देखा." (लागेल तेव्हा बघा.) ती पाऊण तासाने लागली.

नेर मागे पडलं आणि साक्रीच्या अलीकडे टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या. खाली कांद्याचे हिरवे वाफे आणि पलीकडे उघडे, तांबूस माळ. पुढे डोंगर जवळ येत गेले. हवेत ओलावा आला. बसमध्ये डोंगरातली कोकणा बोली बोलणाऱ्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन चढल्या. माझी पिशवी मांडीवर होती. तिच्यात मीटर, सोल्डरगन आणि जपून गुंडाळलेले चार वाल्व्ह होते.

इंदूअक्का ऐंशीच्या पुढच्या. शाळेत शिक्षिका होत्या, कणा अजून ताठ. ओसरीवर उभ्या राहून त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तूच का व रेडिओवाली?"

"हो, अक्का."

"माले वाटनं, माणूस यी." (मला वाटलं, पुरुष येईल.) मग स्वतःशीच हसल्या. "बरं व्हयनं. ये, बस."

त्यांचा पुतण्या संजूभाऊ आतून आला. चांगला माणूस, पण घाईतला. घराला रंग द्यायचा होता आणि धुळ्याच्या एका हॉटेलवाल्याला तो लाकडी खोका हवा होता. आत काच बसवून मासे सोडायचे होते त्याला. "ताई, तुम्ही बघून घ्या," संजूभाऊ म्हणाला, "पण वाजणार नसेल तर अक्काला तुम्हीच समजावा. आमचं ती ऐकत नाही."

"मासा ठेवाले मी मास्तरीण व्हयनू नही," अक्का म्हणाल्या. (मासे ठेवायला मी मास्तरीण झाले नाही.)

मी खोका उघडला. मागची फळी गायब. पाचपैकी एकच वाल्व्ह जागेवर, तोही काळवंडलेला. केंद्रांची नावं लिहिलेली काच अर्धी. वर थाळी होती, तिला फिरवणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं, आणि सुई धरणारा हात मुळासकट नाहीसा. स्क्रूची चार भोकं तेवढी उरलेली.

"हा हात तुटलेला नाही," मी म्हटलं. "कोणीतरी नीट काढून नेलाय."

अक्का माझ्याजवळ पाटावर बसल्या. मग जे सांगितलं ते शाळेतल्या प्रमाण मराठीत, अगदी स्वच्छ. हा रेडिओग्राम महिला मंडळाचा. गावातल्या बायकांनी पैसे जमवून घेतलेला. अक्का आणि आणखी दोघी जळगावला जाऊन, बसच्या टपावर बांधून घेऊन आल्या. दुपारी कामं आटोपून बायका यायच्या, शेतीचे कार्यक्रम ऐकायच्या, रेकॉर्ड लावायच्या. एकदा त्यांनी फुगडीचा फेर धरला. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या मोठ्या दिरांनी पेचकस आणला आणि बायकांच्या देखत तो हात काढून खिशात घातला. पुढे मंडळ पांगलं. घरातली मुलं एकेक वाल्व्ह खेळायला घेऊन गेली.

"मी तव्हय काहीच बोलनू नही," अक्का म्हणाल्या. "नोकरी कराले घरनं बाहेर जाऊ देत, तेच खूप व्हतं. पन पेटी मी सोडी नही. हाई मन्ही शे. आमनी बठ्ठ्यासनी शे." (ही माझी आहे. आम्हा सगळ्यांची आहे.)

संजूभाऊ दारात उभा होता. ही गोष्ट त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी. तो आत गेला, आणि थोड्या वेळाने ज्वारी-उडदाची गरम कळण्याची भाकरी, ठेचा आणि तेलाची वाटी आपल्या हाताने घेऊन आला.

दुपारभर मी त्या यंत्राची ओळख पटवत बसले. कंपनीची पट्टी कुठेच नव्हती. आधी वाटलं, पट्टी पडली असेल. पण तिची भोकंही नव्हती. आतला पत्रा हाताने वाकवलेला, कोपरे कानशीने घासलेले. वाल्व्हच्या बैठका नऊ टाचण्यांच्या, म्हणजे माझ्याजवळचे चार चालण्यासारखे होते. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "जळगाव, नग १७." हा कारखान्यातला माल नव्हताच. कोणीतरी जळगावात बसून, एकेक भाग जुळवून तो बनवला होता.

मग मीटर लावला आणि मन खट्टू झालं. ट्रान्सफॉर्मरची एक गुंडाळी आतून तुटलेली. हा वीज चढवून वाल्व्हना देणारा भाग. तो मेला की सगळंच मुकं. नवा मिळतो, पण या मापाचा नाही. वरचा मेणकागद सोलला तेव्हा एक गोष्ट खटकली. तार उलट्या दिशेने गुंडाळलेली होती. मी शेकडो ट्रान्सफॉर्मर उघडलेत, असं कधी पाहिलं नव्हतं.

"अक्का, हे ज्याने बनवलं ते दुकान आठवतं?"

"दुकानदार आठवस नही. पन कोपऱ्यामा एक पोर बशेल व्हती. तार गुंडाळी राह्यनी व्हती. मान वर करे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी जळगावला निघालो. यंत्र नेऊन रिकामा खोका घरी ठेवावा, असं मी सुचवलं होतं. अक्कांनी संजूभाऊकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बठ्ठंच लई जाऊत." (सगळंच घेऊन जाऊ.)

वाहकाने दारातच अडवलं. एवढा खोका आत चालणार नाही, टपावर टाका. अक्का पायरीवर चढल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मागे रांग लागली.

"एकदाव टपवर बांधा व्हता. आते नही. याले बी तिकीट दे, भाऊ. हाई बी पाशिंजरच शे."

"आजी, वस्तूला माणसाचं तिकीट नसतं."

"मंग मन्हं दुसरं तिकीट दे. एका सीटवर मी, एकावर बी मीच."

मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी "द्या ना राव" म्हणालं. वाहकाने तिकीट फाडलं. धुळे, पारोळा, एरंडोल असा तो खोका खिडकीशी बसून आला. मी त्याला धरून आणि अक्का पलीकडच्या सीटवर. एरंडोलच्या अलीकडे एका खड्ड्यात मी खोक्याला मिठी मारली आणि माझा चष्मा त्याच्या कडेवर आपटून एका काचेला तडा गेला. पुढचा प्रवास मी एका डोळ्याने पाहिला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी, केळीच्या बागा, मग डाळ मिलचा वास आणि जळगावची रिक्षांची गर्दी.

जुन्या दुकानाच्या जागी आता चार मजली इमारत होती, खाली सोन्याची पेढी. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. शेवटी पाण्याच्या मोटारी गुंडाळून देणाऱ्या एका दुकानात शिरलो. मालक साठीकडे झुकलेले. त्यांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बाई, एवढी मेहनत कशाला? बाजारात तयार मिळतो, थोडं खोकं कापून बसवून टाका."

"खोकं कापायचं नाही," मी म्हटलं. "आणि तार उलटी का, तेही मला कळायला हवं."

"उलटी?" आतून आवाज आला. "इकडे आणा."

मागच्या खोलीत खाटेवर एक वृद्ध बाई लसूण सोलत होत्या. मालकांची आई, झुबेदाआपा. त्यांनी ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला, सुटलेल्या टोकाची गाठ अंगठ्याने चाचपली आणि लसणाचं ताट बाजूला सारलं.

"ये गाठ माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी डावरी. माझी तार अशीच जाते. अब्बांना लई राग यायचा. पण एक बी जळून परत नाही आला, म्हणून मग गप्प बसले."

अक्का पुढे झाल्या. "कोपऱ्यामा तू व्हतीस?"

"मीच होते. गिऱ्हाईक आलं की मान वर करायची नाही, असं सांगितलं होतं. पोरीच्या हातचं कळलं तर माल घेणार नाही कोणी. एकोणीस नग केले. नाव अब्बांचं झालं." एवढं बोलून त्या मुलाकडे वळल्या. "करीम, ते छोटं यंत्र काढ. हात लावू नको, मी करते."

"अम्मी, डोळ्याचं आताच ऑपरेशन झालंय."

"डोळ्याने कोण गुंडाळतं?"

आम्ही दोन दिवस तिथे राहिलो. आपा डाव्या हाताने त्या यंत्राची मूठ फिरवत आणि मोठ्याने आकडे मोजत. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा मागून सुरू. प्रत्येक थरावर कागद, मग पुढचा थर. पहिल्या दिवशी अर्ध्यावर तार तुटली. करीमभाई पुढे सरकले, तर आपांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळी तार उलगडून पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. अक्का शेजारी बसून कागदाच्या पट्ट्या कापत होत्या. या दोघींनी एकमेकींना आपापल्या घराबद्दल काय काय सांगितलं, ते मी मुद्दाम ऐकलं नाही. मी सुकलेले कंडेन्सर बदलले, रबरी चाक पॉलिश पेपरने घासून मऊ केलं. भंगार बाजारात एका मोडक्या प्लेअरचा हात मिळाला. हा पांढरा, बाकी सगळं तपकिरी. भोकं जुळेनात, नवी पाडावी लागली. पाचवा वाल्व्ह माझ्याकडे नव्हता. तो आपांनी दुधाच्या पावडरीच्या डब्यातून, कापसातून काढून दिला. दुपारी भरीत आणि पुऱ्या. वांगी काड्यांवर भाजलेली, वर हिरव्या मिरचीचा असा तडाखा की माझ्या तडकलेल्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडणी झाली. काही जळू नये म्हणून आधी बल्ब मध्ये लावून हळूहळू वीज दिली. वाल्व्ह एकामागून एक तांबूस झाले. घूंऽऽ असा मोठा आवाज आला आणि त्यातून, खालून वर यावा तसा, हिंदी बातम्यांचा आवाज. थाळी थोडी सावकाश फिरत होती, वर ठेवलेल्या एका जुन्या रेकॉर्डवर सुई मधूनच घसरत होती. पण फिरत होती.

"आवाज वाढाव," अक्का म्हणाल्या.

मी वाढवला.

"आजून."

रस्त्यावरची माणसं डोकावू लागली. करीमभाईंनी सगळ्या मोटारी बंद केल्या. आपा उठल्या, खिळा घेतला आणि पत्र्यावर, पेन्सिलीच्या अक्षरांखाली, एकेक अक्षर कोरलं. उर्दूत आणि मग मराठीत. झुबेदा. मराठीतला 'झ' त्यांना नीट जमला नाही. त्यांनी तो पुन्हा, आणखी खोल कोरला.

संजूभाऊ स्वतः गाडी घेऊन जळगावला आला. खोका गोधडीत गुंडाळून त्यानेच उचलला. हॉटेलवाल्याचं काय, असं मी विचारलं नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "अक्का पुढे बसतील. मी हळू चालवीन."

मी रेल्वेने परतले. साताऱ्याला पोहोचले त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संग्राहकांचा फोन आला. माझ्या मैत्रिणीकडून त्यांना कळलं होतं.

"कुठल्या कंपनीचा आहे?"

"कंपनीचा नाही. जळगावच्या झुबेदाबाईंनी गुंडाळलेला आहे."

"म्हणजे जुळवलेला. हात तरी मूळचा आहे का?"

"नाही. पांढरा आहे. मूळचा एका माणसाने काढून नेला होता."

"मग बाई, संग्राहकांच्या लेखी याला काही किंमत नाही."

मी आयुष्यात बरीच यंत्रं दुरुस्त केली. त्यातली बहुतेक कुणाच्या तरी कपाटात शोभेला गेली, आणि त्याचा मला अभिमानही वाटायचा. त्या क्षणी तो वाटेनासा झाला. ज्या वस्तूसाठी दोन म्हाताऱ्या दोन दिवस तार मोजत बसतात, तिची किंमत ठरवायला या गृहस्थांना कोणी बोलावलं होतं? मी त्यांना तसंच विचारलं. मग सांगितलं की झुबेदाआपांच्या हातचे बाकीचे अठरा नग अजून कुठेतरी खानदेशात पडून असतील आणि मी ते शोधायला जाणार आहे.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्यावर नाव कोरायचं राहिलंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.