सुईची वरची खाच

हे मी बायकोजवळही बोललो नाही. ती गेली, मग तर बोलायला कुणी उरलंच नाही. तुम्हाला सांगतोय, पण नीट सांगता येईल असं वाटत नाही — कारण नेमकं काय झालं ते मलाच अजून धड कळलेलं नाही. म्हणजे काय घडलं ते ठाऊक आहे. मी ते का केलं, तिथं माझी गाडी अडते.

धुळ्याला आग्रा रोडवर माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं — चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गावात छोट्या इंजिनच्या विलायती गाड्या मोजक्याच होत्या आणि त्या सगळ्या माझ्याकडेच येत. त्यामुळे माझं डोकं जरा हवेत होतं, हे कबूल करतो. गाडीचा आवाज ऐकून आजार सांगणारा मिस्त्री अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली होती, हेही कबूल करतो.

आमच्याकडे कपाशीचा हंगाम सुरू झाला की सरकी काढायच्या कारखान्यांच्या, जिनांच्या आसपास हवेत रुई तरंगते. ती नाकात जाते, चहात पडते आणि गाडीच्या हवेच्या जाळीवर तर गोधडीच विणते. जाळी तुंबली की इंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होतं, गाडी काळा धूर ओकते. यावर आम्हा मिस्त्रींचा एक उपाय होता. कार्बुरेटरमध्ये एक सुई असते, तिच्या डोक्याला पाच खाचा, आणि एका खाचेत बारीक चिमटी. चिमटी वरच्या खाचेत घातली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. हवाही कमी, पेट्रोलही कमी — गाडी कशीबशी चालते. हंगाम सरला, जाळी धुतली, की चिमटी परत मधल्या खाचेत. हे विसरलात तर हवा भरपूर आणि पेट्रोल थोडं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम. शिकाऊ पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. मग मला ठाऊक नव्हती का? होती हो.

यूसुफचाचा माझ्या शेजारी पत्र्याचं काम करत. कंदील, नरसाळी, पिठाचे डबे. माझी दर हंगामातली कटकट बघून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक डबा बनवला. आत तारेच्या दोन जाळ्या, मध्ये तेलात भिजवलेला काथ्या. कंपनीची टीचभर जाळी काढायची आणि हा बसवायचा. रुई काथ्यात अडकायची आणि हवा मोकळी यायची. झाकणावर ते पोगरानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, ठोकून एक चांदणी काढत. का, म्हणून विचारलं तर नुसते हसत. गावातल्या आठ-दहा गाड्यांना मी ते डबे बसवले, दर वेळी चिमटी मधल्या खाचेत आणून. चाचांची चाल बदलली होती त्या दिवसांत — खरंच सांगतो, माणूस ताठ चालायला लागला होता.

तुकारामनाना एका जिनासाठी कापूस बघत हिंडायचे. त्यांची गाडी माझ्याकडे हंगामाच्या सुरुवातीलाच आली होती, तेव्हा मीच चिमटी वरच्या खाचेत घातली होती. महिन्याभरात जाळी आणखी तुंबून पुन्हा धूर यायला लागला, तेव्हा ते डबा बसवायला आले. घाईत होते. मी डबा बसवला आणि एक चक्कर मारून आलो. काय पळत होती गाडी! पेट्रोल कमी असलं की इंजिन आधी असंच तरतरीत चालतं, मग दगा देतं. नानांनी स्वतः चक्कर मारली आणि सगळा धूर गेलेला बघून लांबूनच ओरडले, "बठ्ठा धूर गया रे मिस्त्री! आते देख कशी पळस!"

आता इथं मी अडखळतो. चिमटी मधल्या खाचेत आणायची राहिली, हे मला तेव्हा आठवलं होतं का? कधी वाटतं, नाही, साफ विसरलो. कधी वाटतं — नाना ओरडले तेव्हा मनात काहीतरी टोचलं होतं. पण एवढी वाहवा झाल्यावर पुन्हा कार्बुरेटर उघडायचा? चार लोक बघत असताना? मी किती वेळा तो दिवस उलटून पाहिला आहे. दर वेळी वेगळाच निघतो.

सोनगीरच्या अलीकडच्या चढावर पिस्टन जाम झाला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि नाना रस्त्यावर फेकले गेले. जीव वाचला. पण मांडीचं हाड असं मोडलं की पुढं जन्मभर पाय ओढत चालले.

गाडी बैलगाडीत घालून माझ्याकडे आणली. नानांचा धाकटा भाऊ आला, जिनातली माणसं आली, यूसुफचाचाही हातातलं काम टाकून आले. भाऊ एवढंच म्हणाला, "कोनी चूक शे, तेवढं सांग." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला उगाच वाटतं.

मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो आणि कार्बुरेटर उघडला. सुई बाहेर आली. चिमटी वरच्या खाचेत.

आणि मी ती अंगठ्यानं मधल्या खाचेत सरकवली. केवढं काम असतं ते? टिचकी वाजवायला लागतो तेवढा वेळ. माझ्या हातांनी केलं आणि मी बघत राहिलो — हात माझेच होते ना? मग वळलो, सुई सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "सुई बरोबर आहे. डब्याचं काम दिसतंय."

चाचा वाकले. चेपलेला डबा गाडीवरून सोडवला आणि तो घेऊन निघून गेले.

आठवड्यात गावातले सगळे डबे उतरले. मीच उतरवून दिले. कंदील दुरुस्तीलाही लोक चाचांना टाळायला लागले. पण माझ्या जिवाला जे लागलं ते याहून निराळंच. चाचा माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला! महिन्या-दीड महिन्यानं नवा डबा घेऊन यायचे. "मिस्त्री, देखो ना, इस बार छेद जास्ती रखे. अब तो बराबर है?" मी डबा उजेडात धरायचो, आत बोट घालायचो, मोठ्या जाणकाराचा चेहरा करायचो आणि म्हणायचो, "अजून जमलं नाही, चाचा." चार वेळा म्हणालो. बरोबर आहे म्हटलं असतं, तर पहिल्यात काय चुकलं होतं ते सांगावं लागलं असतं. चौथा डबा इतका सुबक होता की मला तो बघवेना. त्यावर चांदणी नव्हती. चांदणी कुठं गेली, हे मी विचारलं नाही.

पुढं ते मुलीकडे भुसावळला निघाले. जाताना तो चौथा डबा माझ्या बाकावर ठेवला. म्हणाले, "मेरा दिमाग अब नहीं चलता. गलती मिल गई तो खबर करना. भुसावळ कौन सा दूर है."

एकदा निघालो होतो. जळगावपर्यंत गेलो, भुसावळचं तिकीटही काढलं. गाडी आली, थांबली, सुटली. मी फलाटावर केळी खात बसलो होतो. भूक नव्हती. त्या केळ्यांची चव अजून तोंडात येते आणि मला स्वतःची किळस वाटते. पुढल्या वर्षी चाचा गेल्याची बातमी आली.

मग मी तो डबा माझ्याच गाडीला बसवला. का? माहीत नाही. चूक निघावी म्हणून असेल. चौदा हंगाम चालवला, सोनगीरचा चढ कितीदा चढलो त्याची मोजदाद नाही. इंजिन एकदाही तापलं नाही. गाडी विकली तेव्हा डबा काढून घेतला. आज तो माझ्या खाटेखाली आहे आणि त्यातला काथ्या मी अजून तेलात भिजवतो.

चूक सापडली तर कळवा, म्हणाले होते. मला ती पहिल्याच दिवशी सापडली होती.